माळावर चर खणताना टिटवीची अंडी सापडली, मशिन बुधवारी येणार आहे. काय करावं?

गोडोलीची ताई (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही.

मी साताऱ्यात गोडोलीत राहते, एका दवाखान्यात औषधं देण्याचं काम करते. माहेर खटाव तालुक्यात, येरळेच्या वरच्या अंगाला. गेली तीन वर्षं मार्च ते मे दर रविवारी पहाटेच्या एसटीनं गावी जाते आणि गावातल्या मंडळींबरोबर माळावर श्रमदान करते. वीस-पंचवीस जण असतो. सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत जाणारे) खणायचे, चराच्या खालच्या अंगाला दीड बाय दीड फुटाचे खड्डे घ्यायचे, ते उन्हात तापू द्यायचे आणि पहिला दणका पाऊस झाला की रोपं लावायची. आमच्या आप्पांना (माझे वडील, वय ८२) आता टिकाव उचलत नाही, पण ते म्हसोबाच्या हिवराखाली बसून सगळ्यांवर लक्ष ठेवतात.

आज सकाळी चराची सातवी ओळ आखायला फक्की (पांढरी पूड) मारत होतो. पुढं दोरी धरून माझा भाचा, मागं घमेल्यात फक्की घेऊन मी. एक टिटवी आमच्यापुढं दहा-पंधरा पावलांवर पळत होती. थांबायची, मान ताठ करायची, परत पळायची. मग एके ठिकाणी अंग फुलवून अशी बसली की मला वाटलं अंडी तिथंच आहेत. तिथं जाऊन पाहिलं तर काहीच नाही. भाचा म्हणाला, "आत्या, पाय उचलू नकोस." माझ्या डाव्या चपलेपासून वीतभर अंतरावर चार अंडी होती.

घरटं म्हणावं असं काही नव्हतं. मुरमात तळहाताएवढा खळगा, कडेनं बारीक खडे. अंडी मातकट रंगाची, वर काळपट-तपकिरी डाग, चारींची निमुळती टोकं आत वळलेली. मान वर करून पुन्हा खाली पाहिलं तर मला ती चटकन दिसेनात. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकून शोधावी लागली. फक्कीची पांढरी रेघ तिथून दोन हातांवर थांबली होती.

नेहमीची टिटवी नव्हे ही. घराजवळ तळ्यावर असते तिच्या डोळ्यापुढं लाल असतं. हिच्या डोळ्यापुढचं लोंबतं कातडं पिवळंधमक, पाय पिवळे, डोक्यावर काळी टोपी आणि टोपीला पांढरी कड. म्हणजे माळटिटवीच ना?

आता अडचण. एका गावकऱ्यानं डिझेलचा खर्च दिलाय आणि मशिन बुधवार-गुरुवार असे दोनच दिवस मिळणार आहे. सातवी ते बारावी ओळ मशिननं मारायची ठरलंय. मी अंड्यांचं सांगितलं तर निम्मी माणसं माझ्या बाजूनं, निम्मी म्हणाली, उचलून बाजूला ठेवा की. एक जण तर टोपी घेऊन निघालाच होता. आप्पांनी हाक मारून त्याला थांबवलं.

मला हे एवढं का लागलंय तेही सांगते. गेल्या वर्षी याच दिवसांत तिसऱ्या ओळीवर एक टिटवी आमच्या डोक्यावरून दोन दिवस ओरडत फिरत होती. मी तेव्हा डायरीत लिहिलं होतं, "टिटवी, १, फार ओरडते." (दवाखान्यात औषध कंपन्यांच्या डायऱ्या येतात, त्यांत मी पक्षी-झाडं लिहून ठेवते.) दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती गप्प झाली. तेही मी लिहिलंय. का ओरडली आणि का गप्प झाली हे मला आज सकाळी कळलं. चराची माती आम्ही ओळीच्या खालच्या अंगाला टाकत होतो. बांधाच्या त्या मातीखाली काय गेलं असेल, हा विचार दिवसभर डोक्यातून जात नाही.

घरी मी असं काही वाचवू शकले होते. परसात शेवगा आहे, त्याची एक जाड फांदी वाळलेली. शेजारच्या काकांची स्कूटर तिच्याखाली लागते म्हणून फांदी तोडायचं ठरलं होतं. फेब्रुवारीत धुण्याच्या दगडावर रोज सकाळी लाकडाचा बारीक भुसा पडायला लागला. मला वाटलं वाळवी. वर पाहिलं तर तिरक्या फांदीच्या पोटाला, खालच्या बाजूनं, रुपयाएवढं गोल भोक आणि त्यातून तांबट पक्ष्याचं शेपूट बाहेर. तो आत कोरायचा, मग मागं सरकून बाहेर यायचा आणि चोचीतला भुसा मान झटकून टाकायचा. जोडीतले दोघंही आळीपाळीनं कोरत होते. काकांना खिडकीपाशी बोलावून दाखवलं. ते पाच मिनिटं बघत राहिले आणि स्कूटर तेव्हापासून फाटकाबाहेर लावतात. पण तिथं समजवायला एकच माणूस होता. इथं पंचवीस माणसं आहेत, मशिन आहे आणि गावाला पाणी हवंय. पाण्याची गरज मला नाकारायची नाही. आमच्या आईनं उन्हाळ्यात कोसभर लांबून डोक्यावर पाणी आणलंय.

तर विचारायचं ते हे: अंडी किती दिवस राहतील? किती जागा सोडावी? आणि दुसरं, जे गटात विचारायला मला धीर होत नाही: या वरच्या माळावर आपण झाडं लावावीत तरी का?

---

येरळाकाठ (रविवार, रात्री १०:५५)

ताई, आधी तातडीचं. अंडी हलवू देऊ नका, अगदी चार हातही नाही. टिटवी जागा ओळखते, अंडी ओळखून मागं जात नाही. आणि हा दयामायेपुरता प्रश्न नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. गटात कुणी ऐकत नसेल तर हे सांगा, पण आधी दाखवा. शेजारच्या काकांना दाखवलं तसंच.

तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून माळटिटवीच. चार अंडी म्हणजे घालून पूर्ण झालेली. उबवायला साधारण २७ ते ३० दिवस लागतात. कधी घातली ते आपल्याला माहीत नाही, म्हणून जास्तीत जास्त एक महिना धरून चला. पिल्लं बाहेर आली की अंग सुकताच चालायला लागतात, तिथं बसून राहत नाहीत. म्हणजे ती जागा कायमची अडकत नाही.

आता काही गोष्टी अनुभवानं सांगतो. अंड्यांजवळ काठी, झेंडी, चुन्याचा गोल काहीही करू नका. कावळ्याला आणि कुत्र्याला तीच खूण होते. दोन बाजूंना दहा-दहा पावलांवर तीन-तीन दगड रचून ठेवा आणि दगडांच्या मधोमध अंडी आहेत हे तिघा-चौघांनाच माहीत असू द्या. फोटोसाठी कुणाला नेऊ नका. सगळ्यात महत्त्वाचं, साडेदहा-अकरानंतर त्या बाजूला कुणी फिरकू नये. एप्रिलमध्ये ती अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला कमी आणि सावली धरायला जास्त. तुमच्यामुळं ती अर्धा तास उठली तर मुरूम तापून अंडी आतल्या आत शिजतात. जवळपास पाणी असेल तर दुरून लक्ष ठेवा. माळटिटवी पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवते आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते. मी हे एकदा पाहिलंय, पाझर तलावाच्या कडेला. दहा मिनिटं ती पाण्यात बसून होती आणि मला वाटलं जखमी आहे.

आणि गेल्या वर्षीचं. तुम्ही लिहून ठेवलं होतं म्हणून आज तुम्हाला अर्थ लागला. तिसरी ओळ, तारीख, वेळ, सगळं आहे ना डायरीत? मग श्रमदानाची वेळ आणि टिटवीची वेळ एकच आहे हे त्या दोन पानांवरून गटाला दाखवता येईल. आपण पावसाच्या आधी खणतो, तीही पावसाच्या आधीच अंडी घालते. उघड्या जमिनीवर अंडी घालणारे चंडोल, तितर यांचंही याच दिवसांत चाललेलं असतं.

मी ब्रह्मनाळच्या बाजूचा. तुमची येरळा आमच्याकडं येऊन कृष्णेला मिळते. त्यामुळं तुमच्या माळावर काय होतं त्याच्याशी आमचाही संबंध आहे.

---

पाणलोट (सोमवार, सकाळी ६:२०)

मी पंधरा वर्षं चर खणतोय, त्यामुळं मी थोडं वेगळं बोलणार. बुधवारचं मशिन सोडू नका. दोन दिवसांत मशिन जेवढं काम करतं तेवढं वीस माणसं अख्ख्या उन्हाळ्यात करत नाहीत, आणि फुकटचं डिझेल दुसऱ्यांदा मिळत नाही. मात्र मशिन आणि अंडी यांतलं एकच निवडावं लागेल असं तुम्हाला वाटतंय, ते तसं नाही.

चर सलग असावाच लागतो असं नाही. तुटक समतल चरही असतात. सातव्या ओळीत अंड्यांच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास पावलं सोडा आणि तिथं चराची तोंडं नीट बंद ठेवा. तोंड उघडं राहिलं तर साठलेलं पाणी त्याच जागेतून धाव घेईल आणि घळ पाडेल. मधल्या सोडलेल्या पट्ट्यातून जे पाणी वाहील ते आठव्या ओळीत अडतं. म्हणून आठव्या ओळीचा तेवढा तुकडा मात्र सोडू नका, तो आज-उद्या सकाळी लवकर हातानं खणून घ्या. मशिन बाराव्या ओळीकडून सुरू करायला सांगा. सातवीकडं येईपर्यंत गुरुवार संध्याकाळ होईल. ऑपरेटरला पहिल्याच चहाला सगळं सांगा. तो दिवसभर केबिनमध्ये एकटा असतो, मशिनच्या पुढं काय पळतंय ते तुमच्याआधी त्याला दिसतं.

झाडांचा प्रश्न चांगला आहे. पहार घ्या आणि दहा ठिकाणी मारून बघा. वीतभरावर कडक मुरूम किंवा खडक लागला तर तिथं लावलेलं रोप तीन उन्हाळे पाणी घालून जगवावं लागेल, आणि पाणी थांबलं की ते मरेल. तुम्ही आत्तापर्यंत काय लावलंय?

---

गोडोलीची ताई (सोमवार, दुपारी १:१५)

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. दोघांचेही मनापासून आभार. मी सकाळीच दादाला फोन केला. आठव्या ओळीचं भाचा आणि त्याचे मित्र उद्या पहाटे बघतायत.

आत्तापर्यंत गिरिपुष्प जास्त, कारण रोपं फुकट मिळाली आणि शेळ्या फारशा तोंड लावत नाहीत. थोडं करंज, थोडा कडुनिंब. पहिल्या वर्षीच्या दोनशे दहा रोपांतली आज एकशे सहा उभी आहेत, गेल्या रविवारी मोजली. त्यांतली सत्तरएक गिरिपुष्पाची. मी डायरीत बघितलं, तर या सत्तर झाडांवर तीन वर्षांत घरटं एकही लिहिलेलं नाही. फुलं येतात तेव्हा शिंजीर येतो, तेवढंच. आणि म्हसोबाच्या एकट्या हिवरावर खाटिक, बुलबुल, कोतवाल हे पक्षी, होल्यांचं काड्यांचं घरटं, खाली मुंग्यांची वारुळं, मेंढरांना शेंगा. ते मी लावलेलं नाही, आप्पांनीही नाही.

---

माडग्याळचा धनगर (सोमवार, रात्री ८:३०)

ताई, राम राम. आमी जत तालुक्यातलं. आमचं घराणं मेंढरांमागं हिंडणारं, मी शिकून आता दुकान टाकलंय पण चुलते अजून कळपाबरोबर हायती. तुमचं वाचून त्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते काय म्हणाले ते लिहितो.

टिटवी कुठं अंडी घालती यावरून आमच्यात पावसाचा अंदाज धरतात. उंचवट्यावर घातली की पाऊस लई, ओढ्याच्या पात्रात घातली की कमी. चुलते म्हणाले, ताईला विचार, जागा उंचावर हाय का सखल? दुसरं, मेंढरं चारताना कळपापुढं टिटवी अशी पळाली की म्होरक्या मेंढीला ते हाळी देऊन वळवतात. पंचवीस-तीस पावलं लांबून कळप नेला की ती गप बसती. म्हंजे तिला किती जागा लागती ते तिच्या ओरडण्यावरनं कळतं. तुमी चालत जावा, जिथं ती उठती तिथं थांबा, दगड ठेवा. चारी दिशांनी तसं करा. तेवढी तिची हद्द. मापं आपण ठरवायची न्हाईत, ती ठरवती.

आता झाडांचं. तुमच्या माळाला तुमी मोकळा म्हणता. चुलते म्हणतात, मोकळा कसा, तिथं गवत हाय. कुसळी गवत सॉक्सात रुतून बसतंय म्हणून लोकांना नको वाटतं, पण त्याच्यात पवना आणि मारवेल असला तर त्यासारखा चारा न्हाई. खोकडाची बिळं, सशाची जागा, लांडग्याचं फिरणं सगळं गवताच्या माळावर असतंय. आमच्याकडं एका माळावर गिरिपुष्पाची दाट लागवड झाली. आता तिथं खाली गवत न्हाई आणि मेंढरंबी जात न्हाईत. चुलते तिथं लहानपणी चंडोल ऐकायचे. तो उडत उडत वर जातो आणि वरनं गातो. आता तिथनं जाताना काय ऐकू येत न्हाई, असं ते म्हणाले आणि जरा थांबले.

आप्पांना विचारा, त्यांच्या लहानपणी माळ कसा होता. हिवर, बोर, बाभूळ लावायची तर ओघळीत लावा, बांधाला लावा. तिथं माती असती.

---

येरळाकाठ (मंगळवार, सकाळी ७:०५)

धनगर भाऊंच्या चुलत्यांनी हद्द ठरवायची जी रीत सांगितली ती कुठल्याही पक्षीनिरीक्षकानं लिहून ठेवावी अशी आहे.

झाडांबद्दल एक भर. आमच्या जवळच सागरेश्वर आहे. उघडे डोंगर होते, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन तिथं जंगल उभं केलं आणि १९८५ साली अभयारण्य झालं. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर, पण आज तिथं सांबर, चितळ, काळवीट आहेत. मी लहानपणापासून तिथं जातो. झाडं लावूच नयेत असं मला कधी वाटत नाही ते सागरेश्वरमुळंच. मात्र तिथं नीट बघितलं तर सांबर झाडोऱ्यात आणि काळवीट उघड्या गवतात, असं दिसतं. एकाच डोंगराला दोन्ही लागतं. तुमच्या माळावरही कुठं काय, हे ठरवायला एक अख्खं वर्ष नुसतं बघण्यात गेलं तरी चालेल. नोव्हेंबरात ५ ते १२ पक्षी सप्ताह असतो, तेव्हा भाच्याला घेऊन पहिली मोजणी करा. तीच वाट, तीच वेळ, आणि दर महिन्याला परत. डायरीत पक्षी कुठला एवढंच लिहू नका, तो तिथं काय करत होता तेही लिहा. "फार ओरडते" हे तुम्ही लिहिलंत, त्याचा आज किती उपयोग झाला बघा.

---

गोडोलीची ताई (चौथा रविवार, रात्री ९:१०)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

मशिन बुधवारी आलं. ऑपरेटर पंचविशीतला पोरगा, पंढरपूरकडचा. त्याला चहा देताना सांगितलं तर म्हणाला, "मावशी, मला आधी लांबून दाखवा, म्हणजे बकेट कुठवर फिरवायची ते कळेल." बाराव्या ओळीकडून सुरुवात केली. गुरुवारी सातव्या ओळीवर येऊन दगडांच्या अलीकडं त्यानं मशिन बंद केलं, खाली उतरला आणि चराचं तोंड स्वतः खोऱ्यानं दाबून बंद केलं. हद्द आम्ही चुलत्यांच्या रीतीनं काढली होती. पूर्वेकडून ती बावीस पावलांवर उठली, पश्चिमेकडून चाळीस, कारण तिकडून चढ आहे आणि माणूस लांबूनच दिसतो. जागा उंचवट्यावर आहे, चुलत्यांना सांगा.

टोपी घेऊन निघालेल्या गृहस्थांनी नंतरचे दोन आठवडे रोज सकाळी सातला लांबून बघून यायचं काम आपणहून घेतलं. मला दवाखान्यात त्यांचा फोन यायचा, "बसलीय." एवढंच बोलून ठेवायचे. गेल्या सोमवारी म्हणाले, "ताई, बसली न्हाई. पण जवळच हाय."

आज मी गेले. खळगा रिकामा, टरफलाचा तुकडाही नाही. दोन्ही मोठ्या टिटव्या ओरडत होत्या, म्हणून मी जिथं होते तिथंच खाली बसले आणि हललेच नाही. बऱ्याच वेळानं एकीनं वेगळाच, बारीक आवाज काढला आणि माझ्यासमोर सात-आठ हातांवरचा एक खडा उठून चालायला लागला. मग दुसरा. मग तिसरा. चौथं दिसलं नाही. लांब पिवळट पाय, अंगावर मुरमाचाच रंग, कापसाच्या बोळ्याएवढी. वरून घार गेली तशी मोठीनं हाळी दिली आणि तिन्ही जिथल्या तिथं चपटी झाली. माझी नजर त्यांच्यावरच होती, तरी त्यांतलं एक मला परत सापडलं नाही. उठताना मी प्रत्येक पाऊल बघून टाकलं.

आप्पांना माळाचं विचारलं. म्हणाले, त्यांच्या लहानपणी दिवाळीनंतर या माळावरचं गवत कापून गंज्या लागायच्या, पाच गावची बैलं त्यावर जगायची. झाड म्हसोबाचं एकच. खाली ओघळीत मात्र बोरी होत्या, बाभळी होत्या, आणि बाभळीवर विहिरीच्या तोंडाशी सुगरणीचे खोपे. मला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

पहारीनं बघितलं. वरती सगळीकडं वीतभरावर मुरूम. ओघळीत पहार कमरेइतकी गेली. परवा बैठकीत ठरलं: वरच्या ओळींवरचे खड्डे बुजवायचे, तिथं चर तेवढे राहतील आणि गवत राखायचं. रोपं ओघळीत. यंदा गिरिपुष्प घ्यायचं नाही. हिवर आणि बोरीचं बी म्हसोबाच्या आसपास गोळा करून भाच्यानं पिशव्या भरल्या आहेत, शंभर हिवर, साठ बोरी. सगळ्यांनाच हे पटलंय असं नाही. दोघं-तिघं नाराज आहेत, वर झाडं दिसली असती तर रस्त्यावरून गावाचं काम दिसलं असतं असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही मन मोडायचं नाही, म्हणून रस्त्याकडेला वड आणि चिंचा लावायचं कबूल केलंय.

घरच्या शेवग्यावर तांबटाची पिल्लं एप्रिलमध्येच उडाली. भोक रिकामं आहे, फांदी आहे तशीच.

आता एक मदत हवी. चरांच्या मातीवर पावसाच्या तोंडाला पवना आणि मारवेल पेरायचा आहे. गेल्या दिवाळीचं, घरी झाडून ठेवलेलं बी साताऱ्यात किंवा सांगलीकडं कुणाकडं असेल तर कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. धनगर भाऊ, चुलत्यांना विचाराल का?

---

माडग्याळचा धनगर (सोमवार, सकाळी ६:४५)

चुलत्यांकडं पवन्याचं दोन पोती हाय. मारवेल बियाणं न्हाई, त्याची ठोंबं लावायची असतात. पाऊस पडला की खणून देतील. जत एसटी स्टँडवर या, मी घ्यायला येतो. भाच्याला बरोबर आणा, चुलत्यांना पिल्लांचं त्याच्या तोंडून ऐकायचंय.